बास मासेमारीत रॉडच्या संवेदनशीलतेला नेमके किती महत्त्व द्यावे?

हौशी_गळकर (प्लेनो, टेक्सस)

नमस्कार मंडळी,

मी डॅलसजवळ प्लेनो येथे राहतो. सुट्टीच्या दिवशी लेक लॅव्हॉन किंवा लेक रे रॉबर्ट्सवर आणि मोठी सवड मिळाली तर पूर्वेकडच्या लेक फोर्कवर लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा गळाला लावण्याचा प्रयत्न करतो. माझ्याकडे सात फुटांचा, मीडियम हेवी ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा कास्टिंग रॉड, म्हणजे गळाची काठी, आहे. तो साधारण साठ डॉलरचा असून रीलवर बारा पौंडी (तेवढा ताण सोसणारी) नायलॉनची लाइन आहे. स्पिनरबेट आणि क्रँकबेट या ओढत आणायच्या कृत्रिम आमिषांवर मासे लागतात, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

अडचण आहे ती टेक्सस रिगची. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो : लाइनवर बंदुकीच्या गोळीच्या आकाराचे वजन मोकळे ओवतात, त्यामागे गळ बांधतात, गळाचे टोक प्लास्टिकच्या किड्याच्या अंगात लपवतात आणि ही सगळी जोडणी तळावरून हळूहळू सरकवत आणतात. माझ्या बाबतीत असे घडते की मला काहीही जाणवत नाही, पण लाइन गुंडाळून पाहावे तर किडा गळाच्या दांडीवरून खाली ओढला गेलेला असतो, कधी त्याची शेपटीही तुटलेली असते. म्हणजे माशाने तोंड लावले, चव घेतली आणि तो निघूनही गेला. त्याच बोटीत, त्याच प्रकारचा किडा लावून माझ्या मित्राला मात्र मासे लागतात. त्याचा रॉड चारशे डॉलरच्या घरातला आहे आणि त्याचे ठाम मत आहे की फरक फक्त रॉडचा आहे.

एवढी रक्कम खर्च करण्याआधी जाणकारांकडून समजून घ्यावे म्हणून विचारतो. संवेदनशील रॉड म्हणजे नेमके काय, त्याने माशाचा स्पर्श खरोखर इतका वेगळा जाणवतो का, आणि साठ डॉलरच्या रॉडवरून थेट चारशेवर उडी मारण्यात अर्थ आहे का?

तळठाव (हंट्सव्हिल, अलाबामा)

नमस्कार. संवेदनशीलता महत्त्वाची आहे यात शंका नाही, परंतु ती सगळीच्या सगळी रॉडमध्ये असते ही समजूत विक्रेत्यांना सोयीची असली तरी खरी नाही. माशाच्या ओठापासून तुमच्या तळहातापर्यंत गळ, वजन, लाइन, गाइड (लाइन ओवायच्या कड्या), ब्लँक (रॉडची मूळ पोकळ काठी), रील सीट (रील बसवायची जागा) आणि शेवटी तुमची पकड अशी एक साखळी असते. तिच्यातली जी कडी सर्वांत कच्ची असेल तेवढेच तुम्हाला जाणवणार. तुमच्या वर्णनावरून ती कच्ची कडी रॉड नसून नायलॉनची लाइन आहे असे मला वाटते.

आधी मासा काय करतो ते पाहू. बास तळावरच्या किड्याला कुत्र्यासारखा कडाडून चावा घेत नाही. तो जवळ येतो, जबडा आणि कल्ले झटक्यात फाकवतो, तोंडात पोकळी निर्माण होते आणि आजूबाजूच्या पाण्याबरोबर किडाही आत ओढला जातो. पसंत न पडल्यास तो तितक्याच सहज बाहेर फेकला जातो. किडा आत जाताना वजनाला जो बारीक हिसका बसतो तोच आपल्याला ‘टक्’ असा जाणवतो. आता ही क्रिया घडण्यासाठी लाइन थोडी सैल असावी लागते, कारण ताणून धरलेल्या लाइनवरचा किडा पाण्याबरोबर सहजपणे आत जात नाही. म्हणजे मासा लागायला लाइन सैल हवी आणि तो लागल्याचे कळायला लाइन ताठ हवी, असा हा पेच आहे. टेक्सस रिग आणि जिग (डोक्याशी वजन ओतलेला गळ) यांचे सारे कौशल्य या दोहोंमधली नेमकी स्थिती राखण्यात आहे, आणि रॉडची संवेदनशीलता कामाला येते ती याच अर्धवट सैल अवस्थेत.

आता लाइनकडे वळू. नायलॉन तुटण्यापूर्वी आपल्या लांबीच्या वीस टक्क्यांहून अधिक ताणले जाऊ शकते, शिवाय पाणी शोषून ते आणखी मऊ होते. माशाचा बारीक हिसका या लवचिकतेत मुरून जातो. फ्लुओरोकार्बन या दुसऱ्या प्रकारच्या लाइनचे प्लास्टिकही ताणले जाते, जाहिरातीत काहीही म्हटलेले असो. मात्र त्याची घनता पाण्याच्या पावणेदोन पट असल्यामुळे ते बुडते, वजन आणि रॉडचे टोक यांच्यामध्ये त्याची कमान कमी पडते आणि ते पाणी जवळपास शोषतच नाही. पॉलिएथिलीनच्या धाग्यांची वेणीची लाइन, म्हणजे ब्रेड, फारच थोडी ताणली जाते आणि ताठ असेल तेव्हा निरोप सर्वांत स्वच्छ पोचवते. परंतु ती पाण्यापेक्षा हलकी असल्यामुळे तरंगते, वाऱ्याने तिला पोट सुटते आणि सैल पडली की ती जवळपास मुकी होते.

यानंतर वजन. शिशाची घनता पाण्याच्या सुमारे ११.३ पट आहे आणि शुद्ध टंगस्टनची १९.३ पट. मासेमारीच्या वजनात टंगस्टन इतर धातूंत मिसळलेले असल्याने प्रत्यक्ष आकडा थोडा कमी भरतो, तरीही तेवढ्याच वजनाचा तुकडा आकाराने बराच लहान होतो. शिवाय शिसे मऊ असते, दगडावर आपटल्यावर ते स्वतःच धक्का पचवते. टंगस्टन कठीण असल्यामुळे तो धक्का लाइनमध्ये पुढे ढकलते. तीन अष्टमांश औंसाची टंगस्टन वजने लावून तुमच्या साठ डॉलरच्याच रॉडवर तळ कसा जाणवतो ते पाहा. रॉड बदलण्याच्या खर्चाच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे.

आणि पकड. लो प्रोफाइल रील तळहातात घेऊन पुढची लाइन तर्जनी आणि अंगठ्यात हलकेच धरली, तर ब्लँक, गाइड, सीट हे सारे ओलांडून थेट लाइनच तुमच्या कातडीला लागते. असे करणाऱ्याच्या हातातला स्वस्त रॉडही बराच बोलका होतो. तुमचा मित्र हे करतो का, ते पुढच्या वेळी त्याच्या बोटांकडे पाहून सांगा.

रॉडचे आता सांगतो. संवेदनशीलता ही ताकद किंवा ॲक्शन यांपेक्षा वेगळी गोष्ट आहे. ताकद म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो, ॲक्शन म्हणजे तो टोकाशी वाकतो की मधून. संवेदनशीलता मात्र मुख्यतः ताठरपणा आणि वजन यांच्या गुणोत्तरावर ठरते. काचतंतूचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे ताठरपणाचे माप, सुमारे ७२ गिगापास्कल आणि घनता अडीचच्या आसपास असते. साध्या कार्बनतंतूचा गुणांक सुमारे २३० आणि घनता १.८ च्या आसपास. म्हणजे तेवढ्याच वजनात कार्बन चौपटीहून अधिक ताठर ठरतो. प्रत्यक्ष रॉडमध्ये राळ मिसळलेली असल्याने हे प्रमाण तसेच्या तसे उतरत नाही, तरी १९७० च्या दशकात ग्रॅफाइटचे रॉड बाजारात आले तेव्हा मासेमारांना जो फरक जाणवला तो याच कारणाने. हलका आणि ताठर ब्लँक हिसका गिळून टाकत नाही आणि एकदा हलल्यावर झुलत न राहता लगेच थांबतो. त्यामुळे पुढचा हिसका मागच्या थरथरीत मिसळत नाही.

काचेवरून कार्बनवर आलात की मोठी झेप होते, आणि ती शंभर-सव्वाशे डॉलरच्या रॉडमध्ये आजकाल सहज मिळते. त्यापुढची प्रत्येक पायरी लहान होत जाते. तेव्हा चारशेवर थेट उडी मारू नका. आधी लाइन आणि वजन बदला, महिनाभर तर्जनीवर लाइन घेऊन खेळा आणि मग रॉडचा विचार करा.

सरोवरकाठ (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

तळठाव यांच्या बहुतेक मुद्द्यांशी मी सहमत आहे, परंतु ‘पुढची प्रत्येक पायरी लहान’ हे त्यांचे विधान लेक सेंट क्लेअरवर तितकेसे टिकत नाही. आमच्याकडे मुख्यतः स्मॉलमाउथ बासची मासेमारी होते, तीही उघड्या पाण्यात, वाऱ्यावर आणि हिंदोळ्यासारख्या वरखाली होणाऱ्या बोटीतून. ड्रॉप शॉट हा आमचा नेहमीचा प्रकार : वजन लाइनच्या टोकाला, गळ त्याच्या वर हातभर अंतरावर आणि गळावर बोटाएवढा प्लास्टिकचा मासा. लाट आली की बोट उचलली जाते, लाइन ताणली जाते. लाट गेली की लाइन सैल. या सगळ्या हलण्यातून माशाचा स्पर्श वेगळा ओळखायचा असतो. इथे लाइन आधीच ब्रेडची असते, पुढे आठ पौंडी फ्लुओरोकार्बनचा तुकडा असतो, वजन टंगस्टनचे असते. म्हणजे साखळीच्या बाकीच्या कड्या पक्क्या झालेल्या असतात आणि मग रॉडमधला फरक उघडा पडतो.

माझ्या दृष्टीने संवेदनशील रॉडचा खरा उपयोग मासा जाणवण्यापेक्षा तळ जाणवण्यासाठी अधिक होतो, आणि या मुद्द्यावर फारसे कोणी बोलत नाही म्हणून जरा सविस्तर लिहिते. १९८८ मध्ये लेक सेंट क्लेअरमध्ये झेब्रा शिंपल्या पहिल्यांदा सापडल्या आणि १९९० मध्ये जवळच्या सेंट क्लेअर नदीत गोल गोबी हा तळाशी राहणारा छोटा परका मासा आढळला. शिंपल्या पाणी गाळून स्वच्छ करतात, गोबी शिंपल्या खातो आणि स्मॉलमाउथ गोबीवर ताव मारतो. त्यामुळे शिंपल्यांनी मढलेला कठीण तळ सापडणे म्हणजे गोबी सापडणे, आणि गोबी सापडणे म्हणजे बास सापडण्याची शक्यता वाढणे. पण हे सरोवर उथळ आणि पसरट आहे, डोळ्यांना सगळीकडे सारखेच दिसते. तळ वाचायचा तो वजन ओढून.

वाळूवरून वजन ओढताना हाताला जवळपास काहीच लागत नाही, नुसती गुळगुळीत सरक असते. शिंपल्या आल्या की लाइनमधून बारीक करकर सुरू होते, काचेच्या चुऱ्यावरून काही ओढत असल्यासारखी. दगड असेल तर करकर थांबून एकेक स्पष्ट ठोका येतो आणि मध्ये वजन अडकून उडी मारल्यासारखे सुटते. पाणगवत आले की ओढ हळूहळू जड होते, रॉडचे टोक वाकत जाते आणि पात तुटताच ते सरळ होते. चिकणमातीत वजन रुतते आणि सुटताना मऊसा झटका देते. वाळू संपून शिंपल्या जिथे सुरू होतात त्या कडेवर मासे उभे असतात. पन्नास डॉलरच्या रॉडवर मला दगड आणि गवत यांतला फरक कळतो. वाळू आणि विरळ शिंपल्या यांतला फरक नीट कळायला लागला तो अडीचशे डॉलरचा हलका, सात फुटी, मीडियम ताकदीचा स्पिनिंग रॉड हातात आल्यावर.

दुसरे असे की स्मॉलमाउथ पुष्कळदा टक् असे काही करतच नाही. तो गळ तोंडात घेतो आणि तिथेच थांबतो किंवा तुमच्याच दिशेने पोहत येतो. अशा वेळी जाणवतो तो ठोका नव्हे, तर वजनाचा अभाव किंवा रबरासारखा किंचित जडपणा. हा जडपणा ओळखायला रॉड हातात नीट तोललेला हवा. पुढे झुकणारा रॉड दुपारपर्यंत मनगटाला थकवतो आणि थकलेल्या मनगटाला कुठलीच बारकाई कळत नाही. महागड्या रॉडच्या किमतीतला बराचसा भाग कमी वजन आणि चांगला तोल यांसाठी असतो, असे माझे मत आहे.

एक जाता जाता. एप्रिलमध्ये इथे पाणी जेमतेम पाच-सहा अंश सेल्सिअस असते आणि आम्ही हातमोजे घालतो. जाड मोज्यांतून चारशे डॉलरचा रॉडही साठ डॉलरसारखाच वागतो. निदान तर्जनी आणि अंगठा उघडा राहील असे मोजे घ्यावेत.

रेवदंडेकर (रायगड)

बासशी माझा संबंध नाही, पण विषय स्पर्शाचा आहे म्हणून लिहितो. आमच्या खाडीत जिताडा गरवणारे जुने लोक रॉड वापरतच नाहीत. जाड तंगूस हातात, तर्जनीवरून सोडलेला, दुसऱ्या टोकाला गळ आणि त्यावर जिवंत कोळंबी. जिताडाही तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो, त्यामुळे तळठाव यांनी वर्णन केलेला ‘टक्’ आम्हाला चांगला परिचयाचा आहे. हातदोरीवर तो कुठल्याही रॉडपेक्षा स्वच्छ कळतो, कारण मध्ये कोणी दलाल नाही. मग रॉड हवाच कशाला, तर लांब फेकायला आणि मोठा मासा धावला की दोरी तुटू न देता त्याला दमवायला. म्हणून स्पर्शासाठी रॉडवर पैसे घालण्याची कल्पना मला थोडी उलटी वाटते. तर्जनीचा सल्ला मात्र सोळा आणे खरा आहे.

हौशी_गळकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरोवरकाठ ताई, तळाचे तुमचे वर्णन मी दोनदा वाचले. रेवदंडेकर साहेब, तुमचाही मुद्दा पटला, पण लेक फोर्कवर चाळीस-पन्नास फूट लांब फेकावे लागते आणि मासा लागल्याक्षणी त्याला लाकडांतून उपसावे लागते, तिथे हातदोरीने निभावणे कठीण आहे.

आता दोन शंका. लेक फोर्कमध्ये धरण भरताना उभीच राहिलेली झाडे पाण्यात ठिकठिकाणी आहेत, त्यामुळे तिथे लाइन कोणती घ्यावी? आणि दुकानात रॉड हाती घेतल्यावर तो संवेदनशील आहे की नाही हे पारखायचे कसे? मागे एका दुकानातल्या विक्रेत्याने रॉडचे टोक माझ्या गळ्याच्या घाटीला टेकवले आणि मला बोलायला सांगितले. मुठीत थरथर जाणवली हे खरे. शिवाय प्रत्येक रॉडवर आयएम ६, आयएम ८ असे आकडे छापलेले असतात, त्यांचा अर्थ काय?

तळठाव

गळ्याच्या घाटीची ती परीक्षा मनोरंजक आहे, त्यापलीकडे तिला फारसा अर्थ नाही. तुमचा आवाज ब्लँकच्या टोकाला थेट टेकवल्यावर जवळपास कोणताही कार्बनचा रॉड थरथरेल. पाण्यात मात्र हिसका येतो तो लाइनमधून, लाइन गाइडच्या कड्यांना टेकते आणि तिथून तो ब्लँकमध्ये उतरतो. परीक्षा करायचीच असेल तर स्वतःचे रील घेऊन दुकानात जा, विक्रेत्याच्या परवानगीने ते रॉडवर चढवा, लाइन गाइडमधून ओवा आणि कोणाला तरी दहा-बारा फुटांवर लाइनचे टोक धरून डोळ्यांआड हलकेच टिचकी मारायला सांगा. लाइन किंचित सैल ठेवून पाहा. दोन रॉडमधला फरक असेल तर इथे कळेल, नसेल तर पैसे वाचले.

रील चढवल्यावर तोलही पाहा. रीलच्या किंचित पुढे बोटावर रॉड आडवा ठेवला असता टोक झपकन खाली जात असेल, तर दिवसभर ते टोक तुमच्या मनगटाला वर धरून ठेवावे लागणार आहे. मग गाइड बघा. टोकाकडच्या गाइड जितक्या लहान आणि हलक्या तितके टोक चपळ. जड चौकटीच्या मोठ्या कड्या चांगल्या ब्लँकलाही सुस्त करतात. रील सीटमध्ये ब्लँकचा भाग उघडा ठेवलेला असेल आणि तुमचे बोट तिथे आपोआप पडत असेल तर ते उपयोगी. मूठ कॉर्कची की फोमची, या वादात मी पडणार नाही; दोन्ही चालतात.

आयएम ६, आयएम ७, आयएम ८ ही मुळात हेक्सेल या कंपनीच्या कार्बनतंतूंची व्यापारी नावे आहेत. रॉडच्या धंद्यात त्यांना सर्वमान्य मोजमापाचा दर्जा नाही, आणि वेगवेगळे उत्पादक ती नावे आपापल्या सोयीने छापतात. त्यामुळे एका कंपनीचा आयएम ८ दुसरीच्या आयएम ६ पेक्षा चांगला असेलच असे नाही. एकाच कंपनीच्या दोन मालिकांची तुलना करताना ते आकडे थोडेफार उपयोगी पडतात, इतकेच. राळ किती आणि कशी, तंतू कोणत्या दिशेने गुंडाळले, ब्लँकची भिंत किती पातळ, यांवर रॉड ठरतो आणि हे रॉडवर छापलेले नसते.

लेक फोर्कचे उत्तर थोडे वेगळे आहे. उभ्या लाकडांत सोळा ते वीस पौंडी फ्लुओरोकार्बन घ्या, असे मी सांगेन. ब्रेड गवत कापून निघते, परंतु लाकडात ती सालीत रुतते आणि फांदीवरून आलेल्या लाइनवर तुम्ही झटका दिलात की तिथेच जाम होते. फ्लुओरोकार्बन फांदीवरून घसरते. फांदीवरून आलेल्या लाइनवर स्पर्शही मंद होतो, म्हणून अशा जागी हाताइतकाच डोळ्यांवर भरवसा ठेवायचा. पाण्यात शिरणाऱ्या लाइनकडे टक लावून पाहा. वजन खाली जात असताना लाइन ठरलेल्या वेळेआधीच थांबली, किंवा बाजूला सरकू लागली, किंवा नुसती टुणकन उडाली, तर हाताला काही कळो वा न कळो, रॉडचे टोक खाली करून सैल लाइन गुंडाळा आणि जोरात झटका द्या. टेक्सस रिगवरचे पुष्कळ मासे असे डोळ्यांनीच कळतात आणि त्याला रॉडची किंमत लागत नाही.

लेक फोर्कचा विषय निघाला म्हणून सांगतो : टेक्ससचा विक्रमी लार्जमाउथ, १८.१८ पौंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये तिथेच निघाला. तो लागला तो क्रॅपी या छोट्या माशांसाठी जिवंत मासोळी लावून बसलेल्या माणसाला. यावरून कोणी सिद्धांत मांडू नये, पण चारशे डॉलरच्या चर्चेत ही आठवण ठेवायला हरकत नाही.

पडद्यावरचा_मासा (शार्लट, नॉर्थ कॅरोलायना)

या चर्चेत एक गोष्ट राहिली. २०१८ मध्ये गार्मिन कंपनीचे लाइव्हस्कोप आले, तेव्हापासून पुढच्या दिशेचे सोनार (ध्वनिलहरींनी पाण्याखालचे दाखवणारे यंत्र) बोटीवर असलेले लोक मासा लुअरकडे, म्हणजे कृत्रिम आमिषाकडे, येताना, त्याच्याजवळ थांबताना आणि तोंड लावताना पडद्यावर पाहतात. त्यांच्या दृष्टीने स्पर्शाची किंमत खूपच कमी झाली आहे. ठिपका लुअरच्या ठिपक्यात मिसळला की झटका द्यायचा, एवढेच काम उरते. तेव्हा चारशे डॉलर रॉडमध्ये घालण्यापेक्षा सोनारासाठी साठवावेत असे नाही का वाटत?

सरोवरकाठ

चारशे डॉलरमध्ये ते सोनार येत नाही, पडदा आणि ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा आणि टिपणारा भाग) मिळून हिशेब हजारांत जातो, हा पहिला मुद्दा. दुसरा असा की ते तंत्र मोकळ्या पाण्यात तरंगणाऱ्या माशांवर उत्तम चालते. तळाला पोट टेकवून शिंपल्यांत किंवा झाडाच्या बुंध्याशी बसलेला मासा तळाच्या प्रतिमेत मिसळून जातो. किड्याचे वजन तळावर असताना पडद्यावर तो कधी तोंडात गेला हे दरवेळी दिसत नाही. काठावरून किंवा भाड्याच्या छोट्या बोटीतून मासेमारी करणाऱ्यांचा तर प्रश्नच येत नाही.

माझ्या आधीच्या लिखाणात एक भर घालते, कारण गळकर यांनी सगळ्याच लुअरसाठी एकच रॉड असल्याचे सुचवले आहे. क्रँकबेटसाठी अतिसंवेदनशील, ताठर रॉड उलट नुकसान करतो. त्या लुअरला तीन टोकांचे बारीक गळ असतात आणि ते ओढत असतानाच मासा स्वतःहून अडकतो. ताठर रॉडवर ठोका इतका लवकर कळतो की आपण घाईने झटका देतो आणि लुअर त्याच्या तोंडातून हिसकावून घेतो. पुढे मासा उसळला की ते बारीक गळ सुटतातही. म्हणून काचतंतूचे किंवा काच आणि कार्बन मिसळून केलेले, मधून वाकणारे रॉड आजही क्रँकबेटसाठी मुद्दाम बनवले आणि घेतले जातात. पाण्याच्या पृष्ठभागावर चालणाऱ्या टॉपवॉटर लुअरवर तर मासा डोळ्यांसमोर पाणी फोडून घेतो, तिथे जाणवण्याचा प्रश्न येत नाही. तेव्हा तुमचा साठ डॉलरचा रॉड टाकून देऊ नका, त्यावर क्रँकबेट आणि स्पिनरबेट चालू ठेवा. नवा रॉड घ्याल तो फक्त तळावरच्या कामासाठी घ्या, म्हणजे खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरचा उपयोग होईल.

हौशी_गळकर

हे फार उपयोगी पडले. म्हणजे आधी सोळा पौंडी फ्लुओरोकार्बन आणि टंगस्टन वजने, आणि त्यानंतरही मन राजी नसेल तर दीडशे डॉलरच्या आसपासचा हलका कार्बन रॉड, असा बेत करतो. या रॉडची काही विशेष निगा राखावी लागते का? मित्राचा एक महागडा रॉड साध्या झटक्यात मधूनच मोडलेला मी पाहिला आहे.

तळठाव

बेत चांगला आहे. मोडण्याबद्दल : जास्त गुणांकाचा कार्बन ताठर असतो तसाच ठिसूळही असतो, आणि ब्लँकची भिंत पातळ असते. बोटीतून जाताना लोंबकळणारे टंगस्टनचे वजन ब्लँकवर टकटक आपटत राहते, तिथे डोळ्यांना न दिसणारी इजा होते आणि आठवड्याने एका जोरदार झटक्यात रॉड नेमका तिथेच मोडतो. मग लोक रॉडला दोष देतात. लुअर मोकळा लोंबकळू देऊ नका, गळ रीलजवळच्या कडीत अडकवून लाइन ताठ ठेवा आणि रॉडवर कापडी म्यान चढवा. मोठा मासा बोटीशी आल्यावर रॉड उभा करून त्याला वर उचलू नका. टोकाशी कोन तीव्र झाला की कार्बन तिथे तुटतो. जाळे वापरा किंवा खालच्या जबड्याला अंगठ्याने धरून उचला.

फ्लुओरोकार्बनची गाठ आवळण्यापूर्वी ती थुंकीने किंवा पाण्याने ओली करा, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने ती कमकुवत होते. लाकडांत दिवसभर घासल्यावर शेवटचे दोन-तीन फूट बोटांच्या चिमटीतून ओढून पाहा. खरखरीत लागले तर तेवढे कापून पुन्हा बांधा.

आणि टेक्ससमध्ये वसंतात वादळे अचानक उठतात म्हणून हेही सांगून ठेवतो : कार्बन विजेचा वाहक आहे. ढग गडगडू लागले की सात फुटांची कार्बनची काठी हातात उभी धरून पाण्याच्या मध्यावर थांबू नका, मासे कितीही लागत असोत. रॉड आडवे ठेवा आणि काठ गाठा.